दशावताराचे पाय आणि माझी ३५ मिलिसेकंदांची चूक

गेल्या लेखात सिनॉप्सिस कसा लिहायचा यावर बोललो होतो. तेव्हा काही जणांनी विचारलं होतं की, 'तुझा विषय नेमका आहे तरी काय? भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी दशावताराच्या मागे का लागली?' आज त्याच विषयातला एक तुकडा सांगते. त्यात माझी एक चूक आहे. ती चूक कशी सापडली हे तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते.

आचऱ्याच्या बाजूला आमच्या आत्याचं गाव आहे. तिथल्या जत्रेला मी लहानपणापासून जाते. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि चैत्र-वैशाखापर्यंत गावोगाव तो चालतो. संध्याकाळी ओट्या भरणं, मग देवाची पालखी, खाजाची आणि खेळण्यांची दुकानं, आणि मध्यरात्र उलटली की दशावतार. आमच्याकडे त्याला दहीकालोच म्हणतात, कारण रात्रभर नाटक झाल्यावर पहाटे दहीहंडी फोडून काला वाटला जातो. नाव दशावतार असलं तरी दहाच्या दहा अवतार कुणी दाखवत नाही. आधी पूर्वरंग, म्हणजे आडदशावतार. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, आणि वेद चोरणारा काळा संकासुर. मग उत्तररंग, म्हणजे त्या रात्रीचं आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पात्रं ठरलेली, बोलणं मात्र उभ्या उभ्या सुचेल तसं. बायकांची कामं पुरुषच करतात. मागे बाकड्यावर तीन माणसं बसतात. एक पायपेटीवर गाणारा, एक पखवाजवाला, एक झांजवाला. झांजेला तिकडे चक्की म्हणतात.

लहानपणी मला यातलं एकच आवडायचं, ते म्हणजे लढाई. दोन राजे तलवारी घेऊन गोल फिरतात, गिरक्या घेतात, फळ्यांवर पाय आपटतात, आणि पखवाज असा काही कडाडतो की पेंगुळलेली पोरं उठून बसतात. अनवाणी पायांचा तो आवाज माझ्या डोक्यात राहिला होता. पुढे पुण्यात एका सभागृहात परदेशी मंडळींचा टॅप डान्सचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला. बुटाच्या तळव्याला धातूच्या पट्ट्या, खाली लाकडी फळी, आणि काही वेळ तर दुसरं वाद्यच नाही. नुसत्या पायांनी ताल. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला संकासुर आठवत होता. बाहेर पडताना ठरवलं, दशावतारातल्या पायांवर काम करायचं.

आता इथे पहिली अडचण बघा. पायांचा इतिहास लिहायचा कशावरून? संवाद लिहून ठेवले नाहीत तिथे पावलं कोण लिहून ठेवणार? मग माझ्यातल्या विज्ञानाच्या विद्यार्थिनीने म्हटलं की आधी मोजूया. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, संगणकावर आवाजाची लहर बघायची, पखवाजाची थाप कुठे पडली आणि पाऊल कुठे पडलं याची टोकं काढायची आणि दोन्हींमधलं अंतर मोजायचं. साध्या मुद्रणातसुद्धा सेकंदाला ४४,१०० नोंदी होतात, त्यामुळे मिलिसेकंदापर्यंत मोजणं काही अवघड नाही.

मी मोजलं, आणि निकाल इतका सुंदर आला की मी हुरळूनच गेले. लढाईच्या प्रसंगात पाऊल पखवाजाच्या थापेनंतर पडत होतं. कधी ३० मिलिसेकंदांनी, कधी ३८, सरासरी ३५. जवळजवळ प्रत्येक वेळी मागे, क्वचितच पुढे. मी अर्थ लावला की नट वादकाच्या मागे चालतो. म्हणजे आधी ताल आणि मग नाच. त्यावरून आणखी एक उडी मारली. किनाऱ्याने खाली गेलं की उत्तर कन्नड आणि उडुपीकडे यक्षगान आहे. तिथे भागवत गातो, मद्दळे आणि चंडे वाजतात आणि त्या चौकटीत नर्तकाची पावलं बांधलेली असतात. दशावतारातही वाद्य पुढे आणि पाय मागे असतील, तर दशावतार यक्षगानातून आला या म्हणण्याला पुरावा मिळाला! सेमिनारमध्ये मी हे आलेखासकट मांडलं. लोकांनी माना डोलावल्या.

चहाच्या वेळी जुन्या लॅबमधल्या एका मैत्रिणीने विचारलं, "तू बसली कुठे होतीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे रंगमंचापासून किती लांब? आणि स्पीकर कुठे होता?"

मी कागदावर नकाशा काढला. आत्या नेहमी कडेला चटई टाकते, घरी जायला सोपं पडतं म्हणून. रंगमंच आमच्यापासून साधारण १४ मीटर. आणि आमच्या बाजूलाच, दोन मीटरवर, मंडळाने बांबूला बांधलेला भोंगा. मैत्रीण काही बोलली नाही, फक्त पेन माझ्याकडे सरकवलं.

गणित शाळेतलं आहे. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पखवाजापुढे स्वतंत्र माइक होता. त्याचा आवाज तारेतून क्षणात माझ्या शेजारच्या भोंग्यापर्यंत आला आणि तिथून दोन मीटर चालला. पायांचा आवाज मात्र फळीवरून थेट हवेतून १४ मीटर चालत आला. (संवादांसाठी वर टांगलेल्या माइकमधूनही पाय थोडे ऐकू येत होते, पण क्षीण. मी सगळ्यात उंच टोक धरून मोजत होते.) फरक १२ मीटरचा. १२ भागिले ३४५, म्हणजे ०.०३५ सेकंद. माझा सगळा सिद्धांत आत्याच्या चटईची जागा सांगत होता.

पण नुसतं 'असं असू शकतं' म्हणून भागत नाही, तपासायला हवं होतं. तेव्हा आठवलं की त्या रात्री पहाटेच्या सुमाराला वीज गेली होती. चारेक मिनिटं. भोंगे बंद, दिवे बंद. कुणीतरी बॅटऱ्या आणि मोबाइल रंगमंचावर धरले आणि नाटक थांबलंच नाही, उलट लढाईच रंगली. हा भाग मी 'खराब मुद्रण' म्हणून बाजूला टाकला होता. तो परत काढला. त्यात पखवाज आणि पाय दोन्ही रंगमंचावरूनच येत होते, एकाच वाटेने. मोजलं, तर पाऊल कधी जरा आधी, कधी जरा नंतर, ठरावीक असं काहीच नाही. ३५ मिलिसेकंद गायब. माझ्याकडच्या सहा तासांच्या मुद्रणातला कामाचा भाग तेवढी चार मिनिटं होता, आणि मी तोच फेकून दिला होता.

पुढच्या दोन रात्री मला झोप लागली नाही, हे खरं सांगते. सिनॉप्सिसमधलं एक पूर्ण प्रकरण या आकड्यावर उभं होतं.

मग मी उलट बाजूने विचार केला. आकडा चुकीचा निघाला, ठीक आहे. पण तो चुकला नसता तरी त्यावरून 'यक्षगानातून आला' हे सिद्ध झालं असतं का? नसतंच झालं. आज रात्री नट वादकाच्या मागे चालतो यावरून तीनशे वर्षांपूर्वी कोण कुठून आलं हे कसं कळणार? मी ती उडी मारली, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. दशावतारावरचं जवळजवळ प्रत्येक पुस्तक ते सांगतं. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, असं. दुसरी एक सांगी कुडाळजवळच्या कवठीच्या गोरे घराण्याकडे बोट दाखवते. दोन्हींत आकार एकच आहे. एक माणूस दक्षिणेला जातो, खेळ बघतो, परत येतो आणि इथे सुरू करतो.

अशी कथा दिसली की तुम्ही जरा थांबत जा. खोटी असते म्हणून नव्हे. पण एक सन, एक माणूस, एक गाव इतकं नीटनेटकं मिळालं की पुढे कुणी शोधतच नाही.

आता दासबोध उघडा. त्याच्या सहाव्या दशकात दशावतारी खेळाचा उल्लेख येतो. समर्थ म्हणतात त्याचा आशय असा, की दशावतारी खेळात सुंदर स्त्रिया येतात, नेत्रकटाक्ष टाकतात, पण ते सगळे असतात धट्टेकट्टे पुरुषच. रामदासांचा जन्म १६०८ चा, आणि १७२८ च्या चाळीसहून अधिक वर्षं आधी ते गेले. म्हणजे 'दशावतारी' नावाचा, पुरुषांनी स्त्रीवेष घेऊन केलेला खेळ काळ्यांच्या आधीपासून मराठी मुलखात लोकांना माहीत होता. इतका माहीत, की दाखला म्हणून दिला की ऐकणाऱ्याला लगेच कळावं.

पण इथेही घाई नको. रामदासांनी पाहिलेला खेळ आणि आज आचऱ्याला होणारा दहीकाला एकच, असं या उल्लेखातून निघत नाही. त्यांना दशावताराची माहिती द्यायची नव्हती. दिसतं ते खरं नसतं, हा त्यांचा मुद्दा होता आणि दशावतारी त्यात उदाहरणापुरते आले. म्हणून वेष आणि डोळे आले, पाय आले नाहीत. वाद्यं आली नाहीत, गावाचं नाव आलं नाही. एवढंच म्हणता येतं की १७२८ ही 'सुरुवात' नव्हे. ती फार तर कोकणातल्या एका विशिष्ट धाटणीची, किंवा एका कंपनीची सुरुवात असेल. माझ्या सिनॉप्सिसमधलं हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलंय.

मग १८४३ येतं, ५ नोव्हेंबर. सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला होता आणि त्यावरून राजेसाहेबांना कल्पना सुचली, ही गोष्ट तुम्ही सेट-नेटच्या तयारीत वाचली असेल. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्मकथेतही कर्नाटकातून आलेली मंडळी आहेतच. गणपती-सरस्वतीचं आगमन, मागे उभा राहून गाणारा सूत्रधार, आरडाओरडा करत येणारे राक्षस, हे भाव्यांच्या नाटकातही होतं आणि दहीकाल्यातही आहे. पुढे बुकिश नाटकं आल्यावर शिकलेले लोक या जुन्या पौराणिक नाटकांना हिणवून काय म्हणायला लागले? 'अललडुर्र' आणि 'तागडथोम'.

हा 'तागडथोम' शब्द मला मिळाला तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले. हिणवणाऱ्यांनी नकळत आवाज लिहून ठेवला! तो शब्द मोठ्याने म्हणून बघा. पखवाजाचा बोल आणि पायाची आपट एकत्र ऐकू येते, शेवटचा 'थोम' तर सरळ जमिनीवर पडतो. कौतुकाने कुणी पावलांबद्दल लिहिलं नाही. जे थोडं मिळतं ते नाक मुरडणाऱ्यांकडून.

टॅपच्या इतिहासात हेच झालंय, म्हणून जरा तिकडे जाऊन येऊ. तिथलीही एक नीटनेटकी कथा आहे. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत माणसं गोळा केली. १७४० मध्ये कायदा झाला आणि ढोलांवर बंदी आली. मग गुलामांनी ढोलाचा ताल पायात आणला आणि टॅप जन्मला. ऐकायला अंगावर काटा येतो. उठाव खरा, कायदाही खरा. पण टॅपसारखा नाच नीट दिसायला लागतो तो शंभर वर्षांनी, न्यूयॉर्कमध्ये, जिथे आफ्रिकी वंशाचे आणि आयरिश लोक दाटीवाटीने शेजारी राहत होते आणि एकमेकांची पावलं बघत होते. मधल्या शंभर वर्षांत आणि तेवढ्या मैलांत काय झालं ते या कथेत नाहीच. आपले काळे आणि तिकडचा १७४० चा कायदा, दोन्ही एकाच जातीचे पुरावे आहेत: खरे असतील, पण त्यांच्यावर फार ओझं टाकलंय.

न्यूयॉर्कच्या त्या वस्तीतल्या नाचाचं गाजलेलं वर्णन कुणी लिहिलं? चार्ल्स डिकन्सने. १८४२ च्या 'अमेरिकन नोट्स' या प्रवासवर्णनात तो फाइव्ह पॉइंट्स भागातल्या एका तळघरात गेला, तिथे एक काळा तरुण नाचताना पाहिला आणि त्याच्या पायांवर भराभर एक परिच्छेद लिहून टाकला. नाव लिहिलं नाही. तो विल्यम हेन्री लेन, ऊर्फ 'मास्टर जुबा', असावा असं अभ्यासक मानतात. १८४८ मध्ये लेन लंडनला जाऊन नाचला, गाजला. डिकन्सला थक्क व्हायचं होतं, रामदासांना मायेचा दाखला द्यायचा होता. दोघांच्या लिखाणात नाचणारा बिननावाचा राहिला. आणि हो, बुटाला धातूच्या पट्ट्या लावण्याची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात. आज आपण टॅप म्हणून ज्या आवाजाला ओळखतो तो आवाज जुबाच्या पायांतून निघत नसणार.

हे वाचलं आणि माझ्या विषयातली एक साधी गोष्ट मला दिसली. आत्याला विचारलं, "तुमच्या लहानपणी लढाईत पायांचा आवाज यायचा?" ती म्हणाली, "कसो येतलो? मातयेर नाचत ते." पूर्वी दहीकाला देवळाच्या सभामंडपात नाहीतर पुढच्या अंगणात जमिनीवरच व्हायचा. एक बाकडं ठेवलं की तेच सिंहासन, तोच पर्वत. मातीवर अनवाणी पायाचा आवाज होतो तो धप्प असा, पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. ज्या आवाजाचा इतिहास मी शोधायला निघाले होते तो फळ्यांचा रंगमंच आल्यावर जन्मला. म्हणजे आत्याच्या आणि माझ्या वयातलं अंतर, तेवढाच जुना. यक्षगानाशी त्याचा काही संबंध नाही, मंडळाने सुताराला दिलेल्या कामाशी आहे.

मग पायांत जुनं काय उरतं? आवाज नव्हे, तर पाय आणि हात यांचं नातं. कोण कुणाकडे बघतं, हे. ते आलेखात दिसत नाही, माणसाला विचारावं लागतं. हे मी दीड वर्षानंतर केलं, जे पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. एका जुन्या कंपनीतले पखवाजवाले काका, सत्तरीच्या पुढचे. दुपारी त्यांच्या पडवीत बसले आणि लॅपटॉप उघडून आलेख दाखवायला लागले. त्यांनी दोन मिनिटं सौजन्याने पाहिला.

"ह्या काय गो बाय?"

"काका, ही तुमची थाप, आणि हे नटाचं पाऊल."

"आणि आधी कोण?"

"तेच तर तुम्हाला विचारायला आलेय."

ते हसले. म्हणाले, "मी हाताकडे खंय बघतंय? माजी नजर तेच्या पायार. पाय उचललो की माका समाजता थाप खंय पडतली ती."

म्हणजे नट वादकाच्या मागे नव्हता, आणि वादकही नटाच्या मागे नव्हता. पाय वर उचलला जातो आणि खाली पडतो या मधल्या वेळात थाप ठरते. संहिता नसलेल्या नाटकात हे असंच असणार. बोलणं जसं उभ्या उभ्या सुचतं तशी लढाईही. काकांनी पुढे असंही सांगितलं की नवा नट आला की पहिले काही प्रयोग थाप चुकते, कारण प्रत्येकाची पाय उचलायची तऱ्हा वेगळी. कंपनी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जायची तेव्हा वाटेतच एकमेकांची चाल कळायची, असं ते म्हणाले. आता टेम्पोने जातात. हे मी वहीत लिहून घेतलं तेव्हा ते म्हणाले, "ह्या कित्या लिवतंस? ह्या सगळ्यांका म्हायती आसा." सगळ्यांना माहीत असलेलं कुणीच लिहून ठेवत नाही, ही तर माझी मूळ तक्रार!

इथे टॅपमधली एक जोडी आठवते. २००४ मध्ये अमेरिकन डान्स फेस्टिव्हलमध्ये कथकचे पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ भेटले आणि 'इंडिया जॅझ स्वीट्स' नावाचा कार्यक्रम उभा राहिला. वयात, भाषेत, पायातल्या वस्तूत, सगळ्यातच फरक. एकाला घुंगरू, दुसऱ्याला धातू. त्यांची ध्वनिचित्रफीत पाहिलीत तर पायांच्या आवाजाबरोबर त्यांच्या नजराही बघा. कथक आणि टॅप यांचा ऐतिहासिक संबंध आहे असं त्यातून कुणी काढत नाही. मग यक्षगान आणि दशावताराच्या बाबतीत, दोन्ही शेजारी आहेत एवढ्यावरून, आपण का काढतो? मला वाटतं देवाणघेवाण झाली असणारच, किनारा एक, व्यापार एक, देवळांचं जाळं एक. पण 'झाली असणारच' हे माझं मत आहे, आणि ते प्रबंधात मत म्हणूनच जाणार.

प्रकरण आता नव्याने लिहितेय. पाहणी एकाच रात्रीत दोन मुद्रकांनी करायची: एक रंगमंचाच्या फळ्यांखाली, एक पखवाजाच्या शेजारी, आणि सुरुवातीला दोन्हीकडे ऐकू येईल अशी एक टाळी, म्हणजे वेळ जुळवता येईल. सोबत एक कॅमेरा वादकाच्या चेहऱ्यावर. आणि जागेचा नकाशा, स्पीकरसकट, आधी.

यंदाच्या जत्रेला हा सगळा जामानिमा घेऊन गेले. पालखी आत गेली, मी फळ्यांखाली मुद्रक चिकटवला, टाळी वाजवली, आत्याच्या चटईवर येऊन बसले. पडदा सरला तर काय, मंडळाने नवं कोरं लाल कार्पेट अंथरलेलं! रात्रभर पायांचा आवाज आला नाही. लढाईला पोरं मात्र उठून बसली, आणि पखवाजवाल्याची नजर होती तिथेच होती. कॅमेऱ्यात ती सगळी आलीय. सध्या तेच मोजतेय.